दावा खर्चासह नामंजूर

1983 साली मी शाळेत होतो. भाड्याच्या पावत्यांची पुरचुंडी घेऊन अब्बांबरोबर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जायचो. घरमालकाने भाडं घेणं बंद केलं, अब्बांच्या मनिऑर्डरी परत आल्या आणि वर थकबाकीचा दावा आमच्यावरच! निकाल आमच्या बाजूने लागला. इंग्रजी कागद वाचून वकील म्हणाले, ''दावा खर्चासह नामंजूर.'' अब्बांना वाटलं, फीचा पैसान् पैसा परत मिळणार.

तसं वाटण्यात त्यांची चूक नव्हती. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 तेच सुचवतं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च सोसायचा. तसा हुकूम द्यायचा नसेल तर न्यायाधीशांनी कारण लिहायचं. पण हा खर्च म्हणजे वकिलाला मोजलेली रक्कम नव्हे. फी धरायची ती नियमांच्या कोष्टकाप्रमाणे. आमचं भाडं लहान, म्हणून दावा लहान, म्हणून फीही लहान, असं वकिलांनी समजावलं.

भाडं लहान का? पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि 1918 मध्ये भाडेनियंत्रण आलं. 1947 च्या कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला बांधली. (मालकाचाही जीव त्यात मेटाकुटीला येत असणार, हे मला फार उशिरा कळलं.) त्याच कायद्याच्या कलम 12 मध्ये थकलेल्या भाडेकरूला एक वाट होती : कोर्टात बाकी भरा, पुढचं भाडं भरत राहा, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही द्या, मग घर राहील. थकलेल्याला खर्च ही घराची किंमत. जिंकलेल्याला मात्र ती कागदावरची रक्कम. हे मला आजही खटकतं.

31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला. आता समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत 15 टक्के सरळव्याजासह बाकी भरायची. खर्चाची अट कायम. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खर्च वाजवी पण प्रत्यक्ष झालेला असावा, वकिलाची फी, टायपिंग, गेलेला वेळ धरून. अब्बांच्या कामी ते येणार नव्हतं.

मंजूर झालेली रक्कम मालकाने आपणहून दिली नाही. वसुलीसाठी वेगळी दरखास्त करा, असं वकील म्हणाले. अब्बांनी विचारलं, ''तिची फी किती?'' आकडा ऐकून ते उठले. वाटेत पोस्टात थांबून त्यांनी त्या महिन्याच्या भाड्याची मनिऑर्डर केली आणि पावती माझ्या हातातल्या पुरचुंडीत ठेवली.