ओंडकागाडीची फीड यंत्रणा

ओंडकागाडीची फीड यंत्रणा : गोल करवतीच्या आरागिरणीत करवत जागच्या जागी फिरते आणि ओंडका तिच्याकडे चालत येतो. तो ज्या गाडीवर आकड्यांनी जखडलेला असतो, ती गाडी रुळांवरून पुढे नेणारी, काप पुरा झाला की वेगाने मागे आणणारी आणि मधल्या वेळात जागेवर थोपवून धरणारी योजना म्हणजे फीड यंत्रणा. आपल्याकडच्या वखारींत अशा गाडीला ट्रॉली म्हणतात. ‘फीड’ हा शब्दही कारखान्यांतल्या मराठीत रुळलेला असल्याने येथे तोच वापरला आहे. या यंत्रणेचे बहुतेक प्रकार एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या जंगलपट्ट्यांत घडले, त्यामुळे ही नोंद प्रामुख्याने तिकडचीच आहे.

टनभर वजनाचा ओंडका ढकलणे हे या यंत्रणेचे अवघड काम नव्हे. अवघड आहे ते प्रत्येक दात्याला नेमका घास देणे. सुताराच्या मापात सांगायचे तर एका दात्याने एका फेरीत साधारण एक सूत, म्हणजे १/८ इंच, किंवा त्याहून थोडे कमी लाकूड काढावे. घास याहून फार लहान झाला तर दाता कापत नाही, घासतो. भुसा पिठासारखा बारीक पडतो, दोन दात्यांमधल्या खोबणीत न राहता पात्याच्या बाजूने निसटतो आणि पाते व लाकूड यांच्यामध्ये चेपला जातो. मग पात्याची कड तापते, प्रसरण पावते आणि पाते लहरू लागते. घास फार मोठा झाला तर खोबण भुशाने ठासून भरते, कारण मोकळा भुसा घट्ट लाकडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. करवत गुदमरते आणि तिचे फेरे उतरतात. येथे दुसरे संकट सुरू होते. मोठे गोल पाते ठरावीक फेऱ्यांसाठी हातोडीने ठोकून ताणलेले असते. त्या फेऱ्यांना ते ताठ उभे राहते, फेरे उतरले की ढिले पडते आणि काप वाकडा जातो. म्हणून जाणता मिस्त्री आधी भुशाची मूठ उचलून पाहतो. रव्यासारखा दाणेदार भुसा असेल तर फीड ठीक, पीठ पडत असेल तर गाडी रेंगाळते आहे.

आकड्यांत पाहू. ५४ इंच व्यासाची, ५० दात्यांची करवत मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे ८,५०० फूट होतो, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. दर दात्याला १/१० इंच घास द्यायचा तर दर फेऱ्याला गाडी ५ इंच आणि मिनिटाला २५० फूट सरकली पाहिजे. सोळा फुटी ओंडका चार सेकंदांच्या आत पार. एवढे बळ लहान इंजिनाकडे नसते, म्हणून लहान गिरण्या कमी दात्यांची करवत लावतात. गाडी हळू चालली तरी दात्याचा घास मोठाच राहावा, हा त्यामागचा हिशेब. कापाची खोली वाढली की हे गणित पुन्हा बदलते, कारण तेवढा सगळा भुसा एकाच खोबणीला पोटात घेऊन खालपर्यंत न्यायचा असतो.

गोल करवतीच्या आधी पाणचक्कीवर चालणारी, चौकटीत बसवलेली उभी करवत असे. ती वरखाली होई आणि खाली येतानाच कापी. त्यामुळे गाडीही धक्क्याधक्क्याने सरके. करवतीच्या चौकटीला जोडलेली दांडी प्रत्येक फेरीत दातेरी चाकाचा एखाददुसरा दाता ढकलायची, खटका ते चाक मागे फिरू द्यायचा नाही, आणि त्या चाकामार्फत गाडी बोटभरही नाही अशी पुढे जायची. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात लेडयार्ड येथे अशी एक जुनी गिरणी दुरुस्त करून चालती ठेवली आहे. १७७७ मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर याला मिळालेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे. मॅसॅच्युसेट्समधील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी १८१३ च्या सुमारास ती शोधली, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. दोघांनी ओढायच्या आऱ्याची एक ओढ फुकट जाते हे पाहून त्यांना चाकाची कल्पना सुचली म्हणे. मिलरचे पेटंट तीन-साडेतीन दशके आधीचे असल्याने हा मान त्यांना देता येत नाही, पण गोष्टीतले मर्म खरे आहे. गोल करवतीला फुकट ओढ नाही, ती अखंड कापते, म्हणून तिच्यापुढची गाडीही अखंड आणि एकसारखी सरकावी लागते. दांडी-खटक्याची जुनी योजना त्यामुळे निरुपयोगी झाली. १८६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे नेथन स्पॉल्डिंग याने बदलता येणारे, वक्र खाचेत बसणारे दाते प्रचारात आणले आणि मोठा घास घेणाऱ्या करवती आडगावच्या गिरण्यांनाही परवडू लागल्या.

सर्वांत सरळ उपाय दंतपट्टीचा. गाडीच्या पोटाखाली लोखंडी दंतपट्टी तुकड्यातुकड्यांनी ठोकायची, तिच्यात खालून पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, अडकवायचे आणि ते पट्ट्याने फिरवायचे. दाते खालच्या बाजूला असतात, कारण वर तोंड करून बसवले तर साल, भुसा आणि थंडीत बर्फ त्यांत गच्च बसतो. वेग बदलायला पायऱ्यापायऱ्यांची पुली असे, आणि पायरी बदलायची तर पट्टा सरकवावा लागे, म्हणजे ऐन कापात वेग बदलणे जवळजवळ नाहीच. पट्टीचा एखादा तुकडा ढिला झाला की गाडी प्रत्येक सांध्यावर ठेचकाळते आणि तिची प्रत्येक ठेच फळीवर रेघ होऊन उमटते.

दोर-ड्रमची पद्धत जास्त टिकली. रुळांच्या मधोमध, करवतीजवळ, एक आडवा ड्रम असतो. त्याच्यावर तारेच्या दोराचे तीन-चार वेढे घेऊन दोराची दोन टोके रुळांच्या दोन्ही शेवटांवरच्या कप्प्यांवरून वळवून गाडीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला बांधलेली असतात. ड्रम एका दिशेने फिरला की गाडी पुढे, उलट फिरला की मागे. विहिरीच्या रहाटावर दोर जसा सरकत जातो तसे हे वेढेही ड्रमवर एका बाजूकडे चालत जातात, म्हणून ड्रम पुरेसा रुंद ठेवावा लागतो किंवा त्याला मळसूत्री खाचा द्याव्या लागतात. रूळ कितीही लांब असोत, पाया थोडा खचलेला असो, दोराला फारसा फरक पडत नाही. त्याचे वैगुण्य एकच, तो ताणला जातो. दोर सैल असला की लाकडातल्या गाठीपाशी करवत अडते, तेवढ्यात ड्रम दोर खेचून ताण साठवतो आणि गाठ सुटताच गाडी पुढे उसळते. त्यासाठी गाडीच्या एका टोकाला दोर आवळायची खटक्याची चरखी असते. ती रोज सकाळी पाहावी.

हा ड्रम फिरवायचा कशाने, यात घर्षणचाकांनी बाजी मारली. एका शाफ्टवर दाबलेल्या कागदाच्या किंवा तशाच तंतुमय गाभ्याच्या कडेचे लहान चाक, आणि ड्रमच्या शाफ्टवर मोठे गुळगुळीत लोखंडी चाक. मिस्त्रीच्या हातातला दांडा एका बाजूला नेला की कागदी चाक लोखंडी चाकाला टेकते आणि गाडी पुढे निघते. दांडा उलट नेला की ड्रम दुसऱ्या चाकाच्या किंवा पट्ट्याच्या योगाने उलट आणि जास्त वेगाने फिरतो, दांडा मध्ये ठेवला की गाडी थांबते. बहुतेक ठिकाणी मधल्या स्थितीत लोखंडी चाक लाकडी ठोकळ्याला टेकून ब्रेकही लागतो. दांडा किती दाबला त्यावर घसरण कमी-जास्त होते, आणि याच घसरणीत या योजनेची गंमत आणि दुखणे दोन्ही आहेत. गाठ आली, दांडा किंचित ढिला सोडला, चाक थोडे घसरले, करवतीला श्वास मिळाला. पण ओंडका अडला असताना दांडा तसाच दाबून धरला तर लोखंडी चाक थांबलेले आणि कागदी चाक त्यावर घासत फिरणारे, अशा अवस्थेत कागदी कड जळते आणि भराभर झिजते.  एखाद्या गिरणीत हे वारंवार होत असेल, तर तिथल्या मिस्त्रीचा हात जड आहे हे वेगळे विचारायला नको.

याच घराण्यातला एक देखणा प्रकार तबकडीचा. सपाट लोखंडी तबकडीच्या तोंडावर एक अरुंद चाक टेकवलेले असते आणि ते त्रिज्येवरून आतबाहेर सरकवता येते. मध्याजवळ वेग कमी, कडेकडे जास्त, मध्य ओलांडला की दिशाच उलट. अटलांटा येथील डिलोच कंपनी अशा बदलत्या घर्षण-फीडची मोठी जाहिरात करी. कागदावर ही योजना निर्दोष दिसते. प्रत्यक्षात चाकाला रुंदी असल्याने मध्याजवळ त्याची आतली आणि बाहेरची कड वेगवेगळ्या वेगांनी घासली जाते आणि चाक लवकर झिजते.

या सर्व जुन्या योजनांमध्ये एक गुण समान होता, आणि नव्या योजनांचे कौतुक करताना तो विसरला जातो. फीडला लागणारी शक्ती करवतीच्याच शाफ्टवरून, पट्ट्याने घेतलेली असे. करवत मंदावली की गाडीही तेवढ्याच प्रमाणात मंदावे, म्हणजे दात्याचा घास जेवढ्यास तेवढा राही. मिस्त्रीची नजर क्षणभर चुकली तरी गणित फार बिघडत नसे. वाफेने हा धागा तोडला.

मोठ्या गिरण्यांत, विशेषतः विस्कॉन्सिन, मिशिगन आणि प्रशांत किनाऱ्याच्या बाजूला, गाडीच्या प्रवासाइतका लांब वाफेचा सिलिंडर रुळांच्या बाजूने आडवा घातलेला असे आणि त्याच्या दट्ट्याची दांडी थेट गाडीला जोडलेली असे. मध्ये ना ड्रम, ना पट्टा. लांबलचक नळीमुळे याला ‘शॉटगन फीड’ हे नाव पडले आणि ते शोभतेही. झडप उघडली की गाडी गोळीसारखी सुटायची. ओंडका प्रत्येक कापाआधी फळीच्या जाडीइतका पुढे सारणारे आणि आकडे मारणारे कामगार त्या गाडीवर स्वार होऊन पुढेमागे जात. दिवसभर दर काही सेकंदांनी बसणारे ते हिसके सोसणे हाच त्यांच्या नोकरीचा मोठा भाग. करवतीचे फेरे उतरले तरी वाफेला त्याचा पत्ता नसतो, ती पूर्वीच्याच जोराने गाडी रेटते, घास वाढतो, फेरे आणखी उतरतात. आता ही साखळी तोडणारे दुसरे काही नाही, फक्त झडपेच्या दांड्यावरचा हात आणि करवतीच्या सुरावरचा कान. काही गिरण्यांत शॉटगनऐवजी जोडसिलिंडरचे वाफ-इंजिन दोराचा ड्रम फिरवी. ते वाफ कमी खाई आणि हिसकेही कमी देई.

विसाव्या शतकात वाफेची जागा तेलाच्या दाबाने घेतली. इंजिन किंवा विजेची मोटर पंप फिरवते, पंपाचे तेल दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक मोटर फिरवते आणि ती मोटर दोराचा ड्रम. पंपाने दर फेऱ्याला किती तेल आणि कोणत्या दिशेने द्यायचे, हे एका लहान दांडीने बदलता येते. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत आणि थेट उलट दिशेपर्यंत कुठेही खंड नाही. काही ठिकाणी मोटरीऐवजी आखूड सिलिंडर वापरून दोर कप्प्यांवरून दुहेरी फिरवतात आणि दट्ट्याच्या चालीच्या दुप्पट अंतर गाडी नेतात. दाब मर्यादेपलीकडे गेला की सुटकेची झडप उघडते, म्हणजे जुन्या कागदी चाकाची घसरण येथे तेलाच्या रूपाने परत आली, कड न जाळता.

परतीच्या फेरीत काहीच कापायचे नसते, म्हणून गाडी पुढच्यापेक्षा दोन-तीन पट वेगाने मागे आणतात. कापाच्या वेळेइतकाच हा रिकामा वेळ गिरणीच्या दिवसाचे उत्पन्न ठरवतो. मागे येताना ओंडक्याचा कापलेला चेहरा पात्याच्या मागच्या दात्यांना घासू नये, यासाठी अनेक गाड्यांत परतताना गाडीची चौकट किंचित बाजूला सरकण्याची सोय असते. शिवाय करवत आणि रूळ एकमेकांना तंतोतंत समांतर नसतात. वीस फुटांत सूतभर किंवा अर्धा सूत एवढा कल करवतीला ओंडक्याच्या बाजूला दिलेला असतो. तो नसेल तर फीड कितीही गुळगुळीत असो, करवत ओंडक्यातून बाहेर पळू पाहते.

दांडा कुठल्या बाजूला हलावा, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनुसार घर्षण किंवा पट्ट्याच्या फीडचा दांडा करवतीपासून आणि गाडीच्या रुळांपासून दूर जाणाऱ्या दिशेने चालला पाहिजे. दांडा ढकलताना माणसाचा तोल गेला, तर तो पात्याच्या दिशेने जाऊ नये. गाडी नको असताना हलू नये म्हणून दांड्याला कुलूप लावणे किंवा गाडी बांधून ठेवणेही त्याच नियमांत आहे. पाते बदलताना कोणाचा धक्का लागून गाडी निघाली, तर ती थांबवायला हाताशी काहीच नसते.

गोल करवत दर कापाला सुमारे दोन सूत लाकडाचा भुसा करते. पातळ पात्याच्या बँडसॉपुढे म्हणूनच ती मोठ्या गिरण्यांतून मागे पडली, पण दोर-ड्रमची आणि हायड्रॉलिक फीडची गाडी बँडसॉनेही जशीच्या तशी उचलली. न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट मेरेडिथ येथील हॅनफर्ड मिल्स संग्रहालयात पाण्यावर चालणारी गोल करवत आजही पाहता येते. महाराष्ट्रातील वखारींत गोल करवत बहुधा टेबलावर, फळ्या आणि रिपा चिरायला असते. ओंडका जातो बँडसॉवर, आणि लहान वखारीत त्याची ट्रॉली बहुधा माणूसच ढकलतो. तो दोन्ही हात ट्रॉलीच्या दांडीवर ठेवून, अंगाचा भार पुढे टाकून चालतो. गाठीपाशी पात्याचा आवाज बसला की टाच रोवून अर्धे पाऊल थांबतो, आवाज पुन्हा चढला की निघतो.