कुंकवाच्या करंड्यापासून कारखान्याच्या परवान्यापर्यंत

१/ शिरवळ म्हटले की इतिहासप्रेमींना सुभानमंगळ आठवतो आणि १६४८ सालची फत्तेखानाची स्वारी. नीरेकाठच्या याच गावाभोवती आज पुणे-सातारा महामार्गालगत कारखाने उभे आहेत. समजा, तेथे कुणाला साध्या कोल्ड क्रीमचा कारखाना काढायचा आहे. पहिली डबी बाजारात जाण्यापूर्वी त्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागेल. ही अट आली कोठून? आजचा धागा त्याविषयी.

२/ आपल्याकडे प्रसाधने घरातच सिद्ध होत. हळदीला क्षाराचा स्पर्श झाला की ती लाल होते. कुंकवाचे मर्म एवढेच. करणारी आणि लावणारी एकाच घरातली, निदान एकाच गावातली. फसवणूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, हे ठाऊक असे.

३/ मात्र लाल रंग देणारे इतर पदार्थही होते. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे गंधकाशी झालेले संयुग. दोन्ही विषारी. पुडीतले कुंकू हळदीचे की आणखी कशाचे, हे डोळ्यांना कळत नाही. माल दूरच्या बाजारातून येऊ लागला, तसा हा प्रश्न गंभीर झाला.

४/ राज्यसंस्थेचे लक्ष प्रथम गेले ते औषधांकडे. भेसळयुक्त आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्यावर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९४०चा औषध कायदा उभा राहिला. त्यात स्नो, पावडर, कुंकू यांचा समावेश नव्हता.

५/ अमेरिकेत याच सुमारास धडा मिळाला होता. १९३३ साली ‘लॅश लूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली. काहींची दृष्टी गेली. तरी तो बाजारातून हटवण्याचा अधिकार सरकारला नव्हता. १९३८च्या कायद्याने तो मिळाला, पण नोंदणीची सक्ती नव्हती. ती तेथे २०२२ अखेरच्या कायद्याने आली!

६/ आपल्याकडे मुंबईत १९५२ साली टाटांची ‘लॅक्मे’ सुरू झाली आणि देशी प्रसाधनांचा उद्योग फोफावू लागला. १९६२च्या दुरुस्तीने १९४०च्या कायद्याच्या नावातच ‘सौंदर्यप्रसाधने’ हा शब्द दाखल झाला. तरतुदी १९६४ साली अमलात आल्या. यापुढे निर्मात्याला परवाना अनिवार्य झाला. रंगासाठी शिसे वा आर्सेनिक वापरण्यास आणि पाऱ्याच्या संयुगांसही नियमांनी मज्जाव केला.

७/ गंमत अशी की व्याख्येतून साबण वगळला होता. अंगाला रोज लागणारी वस्तू, पण कायद्याच्या दृष्टीने ती प्रसाधन नव्हे! हा अपवाद १९८२च्या दुरुस्तीने काढून टाकला. दरम्यान महाराष्ट्रात १९७० साली अन्न व औषध प्रशासन स्थापन होऊन अंमलबजावणीला स्वतंत्र यंत्रणा मिळाली होती.

८/ व्याख्येचे मोल किती, हे केशव विष्णू पेंढरकरांच्या ‘विको’ने दाखवून दिले. हळदीची क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध? प्रसाधनांवर उत्पादन शुल्क भारी, म्हणून अबकारी खात्याशी वाद पेटला. दोन दशकांहून अधिक काळ चाललेला तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. डबी तीच, नाव बदलले की कर बदलतो, परवानाही बदलतो.

९/ आज काय स्थिती आहे? २०१३पासून आयात प्रसाधनांची केंद्रीय नोंदणी सक्तीची आहे. देशी मालासाठी राज्याचा उत्पादन परवाना. २०२०च्या स्वतंत्र प्रसाधन नियमांत हे सारे एकत्र आले. मात्र विकणाऱ्या दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही. पळवाट येथेच आहे.

१०/ काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता संशय त्या वापरत असलेल्या उजळ कांतीच्या क्रीमवर गेला. तपासणीत पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून कांती उजळते. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. पाऱ्यावरील बंदी कागदावर होतीच. ती त्या डबीपर्यंत पोहोचली नव्हती.

११/ या नियमांवर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही: कागदपत्रे, शुल्क, तपासणी यांचा भार मोठ्या कंपनीला जड जात नाही, घरगुती उटणे विकणाऱ्या बचत गटाला जातो. पण परवाना नसेल तर पुरावा देण्याचे ओझे कुणावर पडते? ज्याने डबी भरली त्याच्यावर नव्हे, तर जिचा चेहरा पोळला तिच्यावर. कायद्याने हे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर ठेवले.

१२/ पूर्वी कुंकू करणारीचे घर ठाऊक असे. आता त्या घराचा पत्ता म्हणजे वेष्टनावरचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक. पुढच्या वेळी डबी हाती आली की ती उलटी करून पाहा. क्रमांक नसेल, तर खाली ठेवा.