भारत : विज्ञान व तंत्रज्ञान (स्वातंत्र्योत्तर काळ)

१९४७ नंतर भारतात उभ्या राहिलेल्या संशोधनसंस्था, त्यांनी हाती घेतलेले उपक्रम आणि त्यांतून अणुऊर्जा, शेती, औषधे, अवकाश व संगणन या क्षेत्रांत आलेले सामर्थ्य यांचा हा आढावा आहे. स्वातंत्र्याआधी देशात थोर वैज्ञानिक नव्हते असे नाही. जगदीशचंद्र बोस, चंद्रशेखर वेंकट रामन, सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांचे काम जगन्मान्य झाले होते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ पासून चालू होती. उणीव होती ती प्रयोगशाळेतला शोध कारखान्यापर्यंत आणि शेतापर्यंत पोचवणाऱ्या मधल्या फळीची. यंत्रकार, रसायन अभियंते, बियाणेतज्ज्ञ, प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची ही फळी जिथे जमली तिथे देश पुढे गेला, जिथे ती जमली नाही तिथे चांगले संशोधनही कागदावरच राहिले.

पायाभरणी : वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्येच स्थापन झाली होती. शांतिस्वरूप भटनागर यांनी तिच्या छत्राखाली राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारली. पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. ती बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. १९४८ मध्ये भाभांच्याच अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि मार्च १९५८ मध्ये संसदेपुढे विज्ञान धोरणाचा ठराव आला.

या घडामोडींपैकी काहींना साहांचा विरोध होता, आणि तो आज पुन्हा समजून घेण्याजोगा आहे. औद्योगिक पाया आणि शिकलेले मनुष्यबळ नसताना अणुआयोगाची घाई नको, संशोधन विद्यापीठांतच वाढू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. कौल भाभांच्या बाजूने पडला. त्यामुळे एकेका उद्दिष्टाला वाहिलेल्या, भरपूर निधी आणि मोकळीक असलेल्या संस्था तयार झाल्या आणि त्यांनी मोठी कामे केली, हे खरे. पण शिकवणारे एकीकडे आणि शोध घेणारे दुसरीकडे, अशी फाळणी झाली. राज्यांची विद्यापीठे परीक्षा घेण्यात अडकली. खरगपूर (१९५१), मुंबई (१९५८), मद्रास व कानपूर (१९५९) येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी उत्तम अभियंते घडवले. मात्र त्यांपैकी बरेचसे परदेशी गेले. पदवीचे शिक्षण आणि संशोधन एकाच छताखाली आणण्यासाठी पुणे व कोलकाता येथे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था निघाल्या, त्या थेट २००६ मध्ये. साहांच्या निधनाला तोवर ५० वर्षे झाली होती.

अणुऊर्जा : तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. आराखडा आणि बांधणी भारतीयांची, इंधन ब्रिटनचे. तारापूरचे वीजकेंद्र (१९६९) अमेरिकी तंत्रज्ञानाचे, तर राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाचे साहाय्य होते. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अंग काढून घेतले. पुढच्या जड पाण्याच्या भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी स्वतः उभ्या केल्या. त्यासाठी मोठी पात्रे, झडपा, पंप बनवायला देशी उद्योगांना शिकावे लागले. अमेरिकेबरोबरच्या २००८ च्या अणुसहकार्य करारापर्यंतच्या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांचा वाटा महत्त्वाचा होता. एवढे असूनही देशाच्या विजेत अणुविजेचा हिस्सा सुमारे ३ टक्केच आहे. भाभांच्या मनातले चित्र याहून कितीतरी मोठे होते.

शेती आणि दूध : १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांत देश अमेरिकेच्या गव्हावर तगला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या जातींचे बियाणे आणले गेले. या जातींचा दाणा लालसर होता आणि पोळी खाणाऱ्या घरांत तो पसंत पडेना. दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन व सहकाऱ्यांनी किरणांच्या साहाय्याने उत्परिवर्तन घडवून पिवळसर दाण्याची ‘शरबती सोनोरा’ तयार केली. ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ या निवड जातीही आल्या. १९६४-६५ मधील सुमारे १.२ कोटी टन गहू १९७०-७१ मध्ये जवळपास दुप्पट झाला. अन्नधान्याचे एकूण उत्पादन १९५०-५१ मधील सुमारे ५ कोटी टनांवरून आता ३० कोटी टनांपलीकडे गेले आहे. याची किंमत पंजाब-हरियाणाच्या भूजलाने मोजली. कोरडवाहू शेतीला अशी झेप मिळाली नाही. मराठवाडा आणि विदर्भाच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हशीच्या दुधाची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यात स्निग्धांश जास्त असल्याने त्याची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. आणंदच्या सहकारी संघातील अभियंते एच. एम. दलाया यांनी फवारा-शुष्कन पद्धतीत बदल करून ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये तिथे कारखाना सुरू झाला. हिवाळ्यातले जास्तीचे दूध साठवता आल्यामुळे शेतकऱ्याला वर्षभर खात्रीचा भाव देणे शक्य झाले. १९७० पासूनच्या दूध महापूर योजनेचा तांत्रिक आधार हाच. १९९८ मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला.

औषधे व आरोग्य : १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. परंतु खरे वळण १९७० च्या पेटंट कायद्याने दिले. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर हक्क मिळे. त्यामुळे पुणे, हैदराबाद व लखनौच्या प्रयोगशाळांतील रसायनशास्त्रज्ञांनी नव्या पद्धती शोधायच्या आणि खासगी कारखान्यांनी त्या वापरायच्या, अशी साखळी जुळली. एड्सवरील उपचारांचा खर्च माणशी वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक असताना २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार ३५० डॉलरला देऊ केला. आफ्रिकेतील लाखो माणसांच्या जगण्याशी जोडलेले हे काम भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात कोणत्याही प्रक्षेपणाइतकेच मोठे मानावे लागेल. २००५ पासून रेणूवरील पेटंट पुन्हा लागू झाले.

कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या जंतूचे विष दाखवून दिले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले. या उपचाराला ना महागडे यंत्र लागत होते ना डॉक्टर. नातेवाईकही ते पाणी पाजू शकत. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ ची, सीरम इन्स्टिट्यूट १९६६ ची. आफ्रिकेसाठीची स्वस्त मेंदूज्वर लस (२०१०) आणि करोनाकाळातील लसी याच शहरातल्या दीर्घ अनुभवावर उभ्या राहिल्या. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला.

अवकाश : केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकी बनावटीचे होते. विक्रम साराभाईंचा आग्रह उपग्रहाने सामान्य माणसाच्या कामी येण्याचा होता. त्यानुसार १९७५-७६ मध्ये नासाच्या उपग्रहावरून ६ राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले गेले. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या भारतीय प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. या कार्यक्रमातील घन इंधनाची बाजू भक्कम करणाऱ्यांत वसंत गोवारीकर अग्रभागी होते. वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटची आवरणे आणि विक्रोळीला गोदरेजमध्ये ‘विकास’ इंजिने बनू लागली. साखर कारखान्यांची यंत्रे करणारे हात रॉकेटच्या कामाला लागणे, ही मधली फळी तयार होण्याची सर्वांत स्पष्ट खूण आहे. अतिशीत इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचा रशियाशी झालेला करार १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाने मोडला. त्यानंतर ते इंजिन स्वबळावर बनवायला दोन दशके गेली. ५ जानेवारी २०१४ च्या उड्डाणात ते यशस्वी ठरले. चंद्रयान-१ (२००८), मंगळयान (२०१४ मध्ये कक्षेत) आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेले चंद्रयान-३ हे पुढचे टप्पे.

संगणन व दूरसंचार : टाटा संस्थेत घडवलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० मध्ये चालू झाला. १९८४ मध्ये स्थापलेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन केंद्राने धूळ आणि उकाडा सोसणारी, वातानुकूलनाशिवाय चालणारी ग्रामीण टेलिफोन केंद्रे तयार केली. महासंगणक मिळवण्यात परदेशी निर्बंध आड आल्यावर पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ झाला. चिपनिर्मिती मात्र रुजली नाही. मोहालीचा कारखाना १९८९ च्या आगीत जळाला आणि तो मागे पडलेला काळ भरून निघाला नाही. सॉफ्टवेअर निर्यातीत देश चमकला, पण ज्या यंत्रांवर ते चालते ती बाहेरून येत राहिली.

सागर व खगोल : १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था गोव्यात दोनापावला येथे आहे. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरल्याने वजन आणि खर्च दोन्ही घटले, आणि तिचा उपयोग आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ करतात.

सद्यःस्थिती : संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास अडला आहे, चीन २.४ टक्क्यांहून अधिक खर्च करतो. भारतीय खर्चाचा मोठा भाग सरकारी, त्यातही संरक्षण, अवकाश व अणुऊर्जा या खात्यांचा आहे. खासगी उद्योगांचा सहभाग तुटपुंजा आहे. संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि अ‍ॅना मणी यांनी पुण्याच्या वेधशाळेत हवामानाच्या सुमारे १०० उपकरणांचे देशी आराखडे प्रमाणित केले, त्या देशात हे प्रमाण खटकते. विद्यापीठांतील संशोधनाला बळ देण्यासाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. त्यासाठी ५ वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज असून त्यातील बहुतांश रक्कम सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून, यावी अशी अपेक्षा आहे.