तह कोणाशी आणि कशासाठी?

शस्त्र उचललेल्यांशी राज्यकर्त्यांनी बोलणी करावीत काय, हा प्रश्न आपणांस दूरदेशीचा वाटतो. वस्तुतः आपल्या पनवेलच्या डोंगरांनी तो दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा त्याला निरनिराळे उत्तर मिळाले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि गडकिल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्या रामोशांचे वंशपरंपरागत हक्क गेले. पुरंदरच्या मुलखातील उमाजी नाईकांनी बंड उभारले. प्रबळगडानेही त्यांच्या माणसांना काही काळ आसरा दिला. ते हाती लागेनात, तेव्हा कंपनी सरकारने १८२८ मध्ये त्यांना माफी देऊन बंदोबस्ताचे काम सोपविले. हा समेट फार काळ टिकला नाही. उमाजी पुन्हा उठले, १८३१ च्या अखेरीस पकडले गेले आणि पुण्यात फासावर चढले. सरकारने नाईकाला चाकरी दिली. जमातीच्या गाऱ्हाण्याला मात्र हात लावला नाही.

अर्धशतकानंतर, १८७६-७८ च्या दुष्काळाने होरपळलेल्या रयतेसाठी शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके उठले. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले आणि परतीच्या वाटेवर ते मारले गेले. त्याच महिन्यात फडक्यांनी जाहीरनामा काढून रयतेच्या मागण्या व धमक्या एकत्रच मांडल्या. सरकारने बोलणी केली नाहीत. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. तथापि १८७९ मध्येच सरकारला दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्याचे मूळ १८७५ च्या दंग्यांत होते. पण दुखणे खरे होते, हे त्यातून सिद्ध झाले.

आज आपण या दोघांना देशभक्त म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु लुटल्या गेलेल्या घरांतही आपलीच माणसे होती, याचा विसर पडू नये. कोणत्याही समेटात त्या घरांनाही जागा हवी.

मिझोराममध्ये १९६६ साली बंड पेटले आणि ऐजॉलवर आपल्याच विमानांनी बाँब टाकले. वीस वर्षांच्या रक्तपातात तेथील ख्रिस्तसभांनी मध्यस्थीचा धागा तुटू दिला नाही. ३० जून १९८६ रोजी करार झाला. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि १९८७ मध्ये मिझोराम राज्य बनले. त्या करारात एका नेत्याच्या सोयीपेक्षा संपूर्ण प्रजेच्या मागणीला उत्तर होते. म्हणून तो टिकला.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. हे शरणागमन होते, तह नव्हे. म्हणूनच जंगल, जमीन आणि शाळा-दवाखान्यांचे प्रश्न आपोआप सुटले, असे कोणी समजू नये.

राज्यकर्त्यांनी बोलावे, असेच इतिहास सांगतो. मात्र बंदुकीच्या धाकाने मागितलेले देऊ नये आणि न्यायाने मागितलेले केवळ मागणाऱ्याच्या हाती बंदूक आहे म्हणून नाकारू नये. नायकाला विकत घेऊन मिळते ती उसंत; शांती नांदते ती गाऱ्हाणे दूर झाल्यावरच.