घाटातला फुकट्या

कर्जतला गाडी थांबली आहे. जुलैचा रविवार, बाहेर धो धो पाऊस, खिडकीखाली वडेवाल्यांची धावपळ. मागून एक दणका बसतो, डबे एकमेकांवर आपटून शांत होतात. बँकर लागले. घाट चढायचा तर पुढच्या इंजिनाला मागून ढकलणारा कुणीतरी लागतो. तुम्ही दाराशी उभे आहात आणि तुमच्या खिशात तिकीट नाही.

दादरला रांग मोठी होती, हे खरं. पण रांग लहान असती तर काढलं असतं का, हे तुमचं तुम्हालाच विचारा. ‘रविवारी कोण बघतंय,’ असं मित्र म्हणाला होता. तोच मित्र आता वडा घ्यायला फलाटावर उतरला आहे, आणि डब्याच्या पलीकडच्या टोकाने काळा कोट वर चढला आहे.

फुकट्याच्या नजरेने पाहिलं तर कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर फार वाईट. मुंबईच्या लोकलमध्ये दर दोन-तीन मिनिटांनी फलाट येतो, टीसी दिसला की माणूस उतरून पुढच्या डब्यात शिरतो. इथे ठाकूरवाडी आहे, मंकी हिल आहे, पण उतरून जाणार कुठे? एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, वरून पाऊस. टीसीला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो अजिबात घाई करत नाही. एकेक बाक, एकेक मोबाइल, एकेक पास. तुमच्यात आणि त्याच्यात बारा बाकं उरली आहेत.

गाडी पहिल्या बोगद्यात शिरते. अंधार. ओल्या दगडाचा वास. आणि अचानक तोंडात कोळशाची कचकच.

बोगद्यातून बाहेर येता तेव्हा तुमच्यापुढची ती बारा बाकं नाहीत. डबा लाकडी आहे. तुमच्या खणाला दोन्ही बाजूंना दारं आहेत, पण शेजारच्या खणात जायला वाट नाही. साल १९०५ च्या आसपासचं. पुढे वाफेचं इंजिन, मागे वाफेचं इंजिन, आणि त्या दोघांमध्ये तिसऱ्या वर्गात दाबून बसवलेले तुम्ही. समोर एक गिरणी कामगार बसला आहे, रजा घेऊन साताऱ्याकडच्या गावाला निघालेला. मांडीवर वळकटी. कनवटीला बांधलेलं तिकीट तो मधूनमधून चाचपून बघतो.

“पावनं, तिकीट न्हाई वाटतं?”

तुम्ही गप्प.

“रिव्हर्सिंगला बघत्यात. बाकाखाली शिरा. ही वळकटी लावतो म्होरं.”

रिव्हर्सिंग म्हणजे खंडाळ्याच्या अलीकडचं रिव्हर्सिंग स्टेशन. चढ सदतीस फुटांना एक फूट. असा चढ घेत वर आलेल्या गाडीला पुढे वळायला डोंगराने जागाच ठेवलेली नव्हती. मग गाडी सरळ कड्याच्या टोकाशी न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट्या दिशेने पुढे निघायचं. खंडाळ्याकडे तोंड करून बसलेला माणूस इथून पाठ करून खंडाळ्याला पोहोचायचा. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन सुटलं. आज त्याच परिसरातून द्रुतगती महामार्ग जातो. तिथला अमृतांजन पूलही ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता रिकामा होता ते साधून, पाडून टाकला.

पण आत्ता तुम्ही बाकाखाली आहात. नाकाशी ओली घोंगडी, तंबाखू, कालच्या भाकरीचा वास. इंजिन सुटल्याची खडखड ऐकू येते. बाहेर खडीवर बूट वाजतात. दार उघडतं, कंदिलाचा पिवळा पट्टा फळ्यांवरून सरकत तुमच्या कोपरापाशी येतो आणि थांबतो. वर कामगार कनवटीची गाठ सोडतो. तिकीट पुठ्ठ्याचं, दोन बोटांत मावेल एवढं, तारीख ठशाने उठवलेली. चिमट्याचा ‘कट्’ असा आवाज होतो. पुठ्ठ्याचा अर्धचंद्राकृती तुकडा खाली पडतो, तुमच्या डोळ्यांसमोर. दार बंद.

त्या वेळी कायदा होता १८९० चा. कलम ११२ फसवण्याच्या इराद्याने चढलेल्यासाठी, ११३ नुसत्याच बेतिकिटासाठी. आजच्या १९८९ च्या कायद्यात तीच जोडी १३७ आणि १३८ म्हणून बसली आहे. इरादा आणि गफलत यांतला फरक कायद्याने तेव्हाही ओळखला होता. बाकाखाली वळकटीआड लपलेल्या माणसाला मात्र ‘गफलत झाली’ म्हणायला तोंड राहत नाही.

गाडी उलटी निघते. तुम्ही डोळे मिटता. उघडता तेव्हा डोक्यावर बाक नाही, पाठीखाली डबा नाही. गाडीच नाही.

जानेवारी १८५९. कोरडी थंडी, आणि डोंगरभर माणसं. वरून दोर सोडले आहेत, दोराला माणसं लोंबकळतायत आणि कड्याला पहारीने भोकं पाडतायत. भोकांत दारू ठासायची, वात पेटवायची, दोर वर ओढायचा. वेळेत ओढला गेला तर माणूस वाचला. या घाटात २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधायचे आहेत, १,८३१ फूट वर चढायचं आहे. कामाच्या ऐन भरात, दोन वर्षांनी, इथे ४०,००० वर मजूर असतील. पटकी आणि हगवण त्यांच्या आधीपासून मुक्कामाला आहेत.

आज मात्र पहारींचे आवाज थांबत चालले आहेत. लोक घोळक्याने उभे आहेत आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: मजुरी. थकलेली, कापलेली, मधल्या मधे जिरलेली. थोड्या वेळाने हा जमाव गोऱ्या अंमलदारांवर धावून जाईल. कंत्राटदार फॅव्हिएल त्याच वर्षी काम सोडेल. पुढे सॉलोमन ट्रेडवेल येईल आणि काही आठवड्यांतच मरेल. त्याची बायको अ‍ॅलिस कंत्राट हातात घेईल आणि दोन इंजिनिअर नेमून काम तडीला नेईल. १८६३ साली घाटातून गाडी धावेल.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण या प्रश्नावर मला राहवत नाही. या घाटात फुकट कोण गेलं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीत ४०० पाहुणे होते. निमंत्रित. म्हणजे आपल्या रेल्वेचे पहिले प्रवासी झाडून सगळे विनातिकीट! तो तरी मान होता. पण त्याआधी, १८४९ च्या कराराने, जीआयपी कंपनीच्या विलायती भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. गाडी रिकामी धावो की भरून, नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून. ज्या कुणब्याने जन्मात आगगाडी पाहिली नाही, त्यानेही शेतसाऱ्यातून तिला हातभार लावला. बाकाखालच्या माणसाची मी तरफदारी करत नाही. तो फुकट्याच. पण त्याच्याहून मोठे फुकटे लंडनमध्ये आरामखुर्चीत बसून हा घाट चढले.

तुम्ही पायी वर चालू लागता. खंडाळ्यात पुण्याची गाडी उभी आहे. जून १८५८ पासून ती इथवर येते. मुंबईची गाडी खाली खोपोलीला. मधला घाट ज्याने त्याने उतरायचा. पैसेवाला पालखीत, त्याच्या खालचा तट्टावर, बाकीचे पायी. त्यांना तिकीट कोण विचारणार?

ही वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, असं घाटात सांगतात. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. त्याला गोळी मिळाली. कागदोपत्री पुरावा शोधू नका, पण जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाले जाता जाता तिथे नाणं टाकतात. पावती मिळत नाही, कुणी अडवतही नाही. टोल चुकवायला आडवाट धरणारा ड्रायव्हरसुद्धा शिंग्रोबाचं नाणं चुकवत नाही.

बोगदा. उजेड. १ जून १९३०, विजेवरची डेक्कन क्वीन नवी कोरी शेजारून सुर्रकन निघून जाते. तिच्यात तिसरा वर्गच नाही. तो यायला १९५५ उजाडावं लागेल. वळकटीवाला कामगार रोख पैसे मोजायला तयार असला तरी त्याला या गाडीत जागा नाही.

पुन्हा बोगदा. या वेळी लांब. बाहेर पडता तो खंडाळ्याचा फलाट मागे पळतो आहे, न थांबता; इथे फार थोड्या गाड्या थांबतात. आणि काळा कोट तुमच्यासमोर उभा आहे.

“दादा, तिकीट?”

मित्र कधीच शौचालयात गेला आहे. तुम्ही हसून बघता. मग आवाज खाली आणून म्हणता, “साहेब, काहीतरी कमी करा. पावती नको.”

तो मान वर करत नाही. पुस्तक उघडलेलं आहे, कार्बन सरळ केलेला आहे. “कुठून चढलात?”

“दादर.”

“गाडी सीएसएमटीहून सुटली. दादरचा पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर भाडं तिथून लागतं. आणि वर किमान २५० जास्तीचे.” पेन चालू लागतं. आकडे कार्बनमधून खालच्या पानावर उमटतात. तो पान फाडतो. दोन वड्यांसाठी काढून ठेवलेले पैसेही त्यात जातात.

लोणावळा येतं. पाऊस तसाच आहे. खाली उतरलात की रागाच्या भरात पावतीचा बोळा करून रुळांत टाकू नका. पुलाच्या पायऱ्यांशी दुसरा टीसी उभा असतो.