भांड्याच्या तळाचा चिकटा

पावसाळ्यापूर्वी खिडकीच्या फटीत सिलिकोन भरताना व्हिनेगरसारखा वास येतो आणि मला हटकून फ्रेडरिक किपिंग आठवतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या या रसायनशास्त्रज्ञाने सिलिकॉनच्या संयुगांवर काही दशकं काम केलं. त्यांना हवे होते स्वच्छ स्फटिक. भांड्यात मात्र वारंवार उरायचा डिंकासारखा चिकटा. या शाखेत लवकरच काही मोठं घडेल अशी फारशी आशा नाही, असं त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात सांगून टाकलं.

त्याच सुमारास अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीत फ्रँकलिन हाइड विजेच्या तारांवरच्या काचधाग्यांच्या वेष्टनासाठी उष्णता सोसणारी राळ शोधत होते. ती याच जातीच्या चिकट्यात सापडली. याच्या रेणूचा कणा कार्बनचा नव्हे, तर वाळूसारखा सिलिकॉन-ऑक्सिजनचा. म्हणून तो तापूनही टिकतो. जळालाच, तर मागे उरणारी सिलिकाही विद्युतरोधकच! दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांतल्या ठिणगीच्या जोडण्या सिलिकोनच्याच लेपाने सांभाळल्या.

किपिंग १९४९ साली वारले. म्हणजे हे त्यांच्या हयातीतच घडलं. मी त्यांना हसत नाही. तो चिकटा त्यांनी निदान नोंदवून ठेवला होता. विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगत असे : भांडं घासण्यापूर्वी तळाशी काय उरलंय, ते वहीत लिहा.