अवतार एक की लाखभर?

१९८५ साली अमेरिकेत ‘अल्टिमा ४’ हा कम्प्युटर गेम आला. त्याचं उपशीर्षक होतं ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’. हो, आपलाच अवतार. त्या काळी गेम म्हटलं की शेवटी एक मोठा खलनायक असायचा, तो मेला की खेळ संपला. इथे तसा खलनायकच नव्हता. सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, नम्रता असे आठ गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. गेममध्ये जादूची सामग्री विकणारे आंधळे दुकानदार होते. पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिले तर कुणी ओरडायचं नाही, पण गेम मनात नोंद ठेवायचा आणि तुमची सचोटी घसरायची. हे सगळं रचणारा रिचर्ड गॅरियट तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पडद्यावरच्या आपल्या प्रतिनिधीला आज जगभर ‘अवतार’ म्हणतात, त्यात या गेमचा मोठा वाटा आहे.

या गेमची जादू एका गोष्टीवर उभी होती. त्या जगात अवतार एकच होता, आणि तो तुम्ही होतात.

बारा वर्षांनी, सप्टेंबर १९९७ मध्ये, हेच जग ‘अल्टिमा ऑनलाइन’ म्हणून इंटरनेटवर आलं. एकट्याने खेळायचा फँटसी गेम सगळ्यांसाठी खुला करावा का, हा वाद आजही प्रत्येक लोकप्रिय गेमभोवती रंगतो. त्याचं पहिलं मोठं उत्तर इथे मिळालं. महिन्याला सुमारे दहा डॉलर फी असूनही सहा महिन्यांत लाखभर लोक आले. आणि आत गेल्यावर त्यांनी काय केलं? एकमेकांना लुटलं.

राफ कॉस्टर हा गेमचा मुख्य डिझायनर. त्याच्या टीमने एक सुंदर परिसंस्था बांधली होती: गवत, गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे लांडगे. लांडग्यांना भक्ष्य कमी पडलं की ते गावाकडे येणार, वगैरे. प्रत्यक्षात खेळाडूंनी दिसेल ते जनावर इतक्या झपाट्याने मारलं, की ही साखळी उभीच राहिली नाही. शेवटी ती काढून टाकावी लागली. त्याआधी, ऑगस्टमधल्या चाचणीत, खुद्द गॅरियट ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात प्रजेसमोर भाषणाला उभा होता. गर्दीतल्या एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा जागच्या जागी गेला. ज्या जगात कधीकाळी आंधळ्या दुकानदाराला फसवायला हात थरथरायचा, तिथे गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकलेल्या नवख्याला मारून त्याचे बूटसुद्धा काढून नेत. माणसं बिघडली होती असं मला वाटत नाही. आठ गुणांची परीक्षा एकट्याची असते, आणि इथे प्रत्येकाला बघणारे हजारो डोळे होते. २००० साली कंपनीने त्या जगाची दुसरी प्रत काढली. एकीत खून करायला मनाई, दुसरीत पूर्वीसारखीच मोकळीक. बहुतेकांनी सुरक्षित जग निवडलं.

धंदा म्हणून हे यश होतंच. ऐन भरात अडीच लाखांच्या आसपास वर्गणीदार होते. पण किंमत दुसरीकडे चुकवली गेली. एकट्याने खेळायच्या ‘अल्टिमा ९’ची माणसं ऑनलाइनच्या कामाला जुंपली गेली. तो भाग रखडत १९९९ साली आला, तोही चुकांनी भरलेला. तोच मालिकेचा शेवटचा. २०००मध्ये गॅरियट बाहेर पडला आणि २००४मध्ये त्याची कंपनी ‘ओरिजिन’ बंद झाली.

‘स्कायरिम’वाल्यांनी हाच प्रयोग जरा सावधपणे केला. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ २०१४ साली आला. तो बनवायला वेगळा स्टुडिओ होता, म्हणजे मूळ टीमला हात लावला नाही. तरी जुनं दुखणं उरलंच. भविष्यवाणीतला एकमेव वीर तुम्हीच, असं एखादा म्हातारा गंभीरपणे सांगतो, आणि तेच ऐकायला तुमच्यामागे अजून सहा एकमेव वीर उभे असतात. रेशन दुकानाची लाइनच. २०१५मध्ये सक्तीची मासिक वर्गणी काढावी लागली. २०१६मध्ये नियम बदलून कुणालाही कुठेही, हवं तर एकट्याने, हिंडायची मुभा मिळाली, आणि गेम खरा रुळला त्यानंतर. एकट्याचा खेळ गर्दीत नेला आणि मग गर्दीत एकट्याला जागा करून दिली!

आता आमच्या नाशिककडे या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, रावण, त्राटिका, एकेक मुखवटा चढवून रात्रभर सोंगं नाचतात. सारं गाव त्यात असतं, पण रावण एकच. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे चालत आलेला असतो. कुणी मुखवटा धरतो, कुणी संबळ वाजवतो, कुणी टेंभा धरून उभा राहतो, आणि टेंभा धरणाऱ्याशिवाय रावण दिसत नाही. फँटसी एकत्र खेळायची तर भूमिका वाटून घ्याव्या लागतात, हे या डोंगरांत कधीपासून ठाऊक आहे. अल्टिमाने मुखवटा एकच बनवला आणि तो लाख जणांना एकदम चढवला.

गंमत म्हणजे रोल-प्लेइंग गेम मुळात एकट्याचा नव्हताच. १९७४ साली आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ टेबलाभोवती बसून चार-पाच मित्र खेळायचे. एकाला तलवार, एकाला मंत्र, एक जण गोष्ट सांगणार. कम्प्युटर आला आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने त्या परत मांडल्या. एकटे खेळा, नाहीतर चौघं मिळून. म्हणून मला विचाराल तर चार मित्रांना आत घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बाजाराला.

आणि बाजाराचा मालक कोण, हेही आपण पाहिलंय. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. नाशिकरोडच्या कट्ट्यावरचा स्क्वाड, पॉकेटमनीतून घेतलेल्या स्किन्स, वर्षभर घासलेली रँक, सगळं एका तारखेला गेलं. पुढच्या वर्षी ‘बीजीएमआय’ आला, हा आपल्या नशिबाचा भाग.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर २०२०ला, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ पीसीवर आला. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी एक सर्कशीतली मुलगी, आणि भोवती आपल्या पुराणातले देव-असुर. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो एकट्याचाच ठेवला. ‘राजी’त दुसरी राजी भेटत नाही, त्यामुळे गोलूची काळजी करणारं त्या जगात फक्त आपणच असतो. आणि तो ज्यांनी पीसीवर उतरवून घेतला, त्यांचा खेळ ३० ऑक्टोबरनंतरही चालूच होता.

‘अल्टिमा ऑनलाइन’ आजही चालतो. ‘अल्टिमा ४’ही आता अधिकृतपणे फुकट मिळतो. साध्यातल्या साध्या लॅपटॉपवर, नेट बंद असतानाही, तो आंधळा दुकानदार तुम्ही किती पैसे देता याची वाट बघत उभा असतो.